सत्तावीस नंबरची शेवटची पेटी

श्रद्धा पुन्हा तात्यांच्या शेजारी झोपाळ्यावर जाऊन बसली आणि सुचित्राच्या हातातली वालाची शेंग मधोमध मोडली.

"ताय, शेंग आख्खी पायजे. पोपटीत मोडलेली न्हाय चालत," सदा म्हणाला. नागावच्या वाडीत तो वीस वर्षं कामाला होता. पोपटीच्या मडक्यात शेंगांच्या खाली-वर कोंबून भाजायला लागणारा भांबुर्डीचा पाला त्याने नुकताच अंगणात आणून टाकला होता.

"मला शिकवू नकोस. तुझ्याआधीपासून पोपटी खाते मी."

"खाल्ली असंल. लावली हाय कवा?"

 सुचित्राचं लक्ष झोपाळ्यावर होतं. आता सरळ डोळ्यांनी बघितलं तर त्यात जळण्यासारखं काय होतं? तिचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील आणि त्यांची सून मोबाईलवर दगडांचे फोटो बघत होती, एवढंच. पण जळणाऱ्या माणसाला सरळ डोळे असते तर काय हवं होतं! आई गेल्यापासून सहा वर्षं सुचित्रा रोज सकाळी चौलहून स्कूटीवर इथे यायची. तात्यांच्या गोळ्या, तात्यांचं पथ्य, सुपारी सोलायला येणाऱ्या बायका, पाहुण्यांना दिलेल्या मागच्या दोन खोल्या, सगळं तिच्या अंगावर. आमटी कशी झालीय विचारलं की तात्या म्हणायचे, "ठीक." बस्स, एक शब्द. आणि ही श्रद्धा वर्षातून दोनदा यायची, संक्रांतीला आणि गणपतीत, आणि म्हाताऱ्याची जीभ अशी सुटायची की जेवण गार व्हायचं.

कानामागून आली आणि तिखट झाली, सुचित्रा मनात म्हणाली.

तात्या वणीकडच्या कोळशाच्या पट्ट्यात तीस वर्षं भूवैज्ञानिक होते. बायको-मुलं नागावला, स्वतः तिकडे. सुचित्राचा धाकटा भाऊ सुश्रुत दहा वर्षांचा झाला तेव्हा त्याला शिकायला बरोबर घेऊन गेले. सुचित्रा तेव्हा बारा वर्षांची होती. तिनेही ट्रंक भरली होती. "मुलीच्या जातीला तिथे काय? धूळ आणि ट्रक," असं म्हणून तात्यांनी ती ट्रंक माळ्यावर टाकली. झालं! सुश्रुत कोळशात शिरला, बायकोही त्याने कोळशातलीच केली, आणि सुचित्रा अलिबागला बी.ए. झाली. मग ही सून काय मुलीच्या जातीची नव्हती? तिच्या नाकात धूळ जात नव्हती?

"ताई, मीठ-ओवा दे," सुश्रुतने हाक मारली. तो मडक्याच्या तळाशी पाला अंथरत होता.

"त्या दोघांचं काय चाललंय?" तिने परात त्याच्यासमोर आदळली.

"काही नाही. जुने फोटो."

काही नाही म्हणताना त्याचा आवाज असा झाला की सुचित्राने हातातलं सोडून त्याच्याकडे बघितलं.

*

सुश्रुतला ते फोटो पाठ होते. रो-रो बोटीवर काल श्रद्धाने त्याच्यापुढे फोन धरला होता आणि त्याने तोंड समुद्राकडे फिरवलं होतं. 

येत्या बुधवारी कंपनीच्या समितीपुढे त्याचा अहवाल होता. मोहाडोह हा नव्या खाणीचा ब्लॉक, तीन वर्षांचं काम. त्यात त्याने लिहिलं होतं की फॉल्टच्या, म्हणजे खडकातल्या भेगेच्या, दक्षिणेला कोळसा नाही, म्हणून खाणीतून निघणारा माती-दगडाचा ढिगारा तिथे टाकावा. कोळसा नाही कशावरून? तर तिथे सत्त्याऐंशी साली एक बोअर घेतला होता, नंबर सत्तावीस, आणि त्याच्या तळाला तालचिरचा हिरवा दगड लागला होता. तो दगड लागला की खाली कोळसा शोधायचा नाही, हे त्या पट्ट्यातला चहावालासुद्धा सांगतो. आणि नोंदीखाली सही होती खुद्द तात्यांची. अहवाल पास झाला की ब्लॉक सुश्रुतच्या हातात येणार होता. बाविसाव्या वर्षी नोकरीला लागल्यापासून तो त्याची वाट बघत होता.

आणि तो अहवाल तपासायला नागपूरच्या ऑफिसात कुणाकडे जावा? तर श्रद्धाकडे! कॉलेजात तिच्या वह्या हा तपासून द्यायचा. आता हिची सही वर आणि याची खाली. साहेब लोक जेवायला भेटले की म्हणायचे, "सुश्रुत, मॅडम काय म्हणतात?" तो हसायचा. हसून हसून जबडा दुखायचा.

श्रद्धाने अहवालाविरुद्ध टीप लिहिली होती. तिच्या बॅगेत त्याने ती वाचली होती. सोमवारी ती टीप वर जाणार होती.

"इथे तात्यांसमोर काढू नकोस," काल त्याने एवढंच बजावलं होतं. आणि आज बघतो तर बाई झोपाळ्यावर!

*

सुचित्रा स्वयंपाकघरात रताळी धूत होती. श्रद्धा आत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"ताई, एक विचारू? सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत तात्या इथे आले होते का हो?"

सुचित्राच्या हातातलं रताळं पाण्यात पडलं.

"तुला कशाला हवंय?"

"सहज."

"सहज कुणी अडतीस वर्षांपूर्वीचा महिना विचारत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस."

श्रद्धाने क्षणभर विचार केला आणि सांगून टाकलं. बोअर खणताना जमिनीतून दगडाच्या गोल कांड्या वर येतात. त्या आल्या त्या क्रमाने लाकडी पेटीत रचायच्या, पाटीवर लिहितो तशा, डावीकडून उजवीकडे. तात्यांची पद्धत अशी की प्रत्येक कांडी निघाली की स्वतः तिच्यावर लाल रंगाने बाण काढायचा, टोक खालच्या बाजूला. म्हणजे कांडी उलटसुलट व्हायला नको. दुसऱ्याच्या हातात ब्रश द्यायचे नाहीत. जुनी माणसं अजून त्याच्या गोष्टी सांगतात.

"सत्तावीसच्या शेवटच्या पेटीवर एकही बाण नाही, ताई. मी शेडमध्ये जाऊन बघितली. आणि ती पेटी उलटी भरलीय. नदीची वाळू बसते तेव्हा खाली जाड आणि वर बारीक बसते. त्या पेटीत बरोबर उलटं आहे. हिरवा दगड तळाला नव्हताच, तो वर होता. एक पातळ थर, बस; खरा तालचीर असा संपत नाही. त्याच्याखाली पुन्हा वाळू, आणि तिच्याखाली कुणी खणलंच नाही. मला वाटलं, त्या दिवसांत तात्या कदाचित—"

"आले नव्हते," सुचित्रा म्हणाली. "तुला तारीख सांगू? त्या फेब्रुवारीत मी आठ वर्षांची होते आणि अलिबागच्या दवाखान्यात विषमज्वराने पडले होते. डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, देवाचं नाव घ्या. तार गेली होती त्यांना. आई म्हणाली, वडलांना रजा मिळाली नाही. बोअर चालू आहे. समजलं? मुलगी मरत होती आणि ह्यांचा बोअर चालू होता. कदाचित हाच तुझा सत्तावीस नंबर असेल!"

"ताई, मला माहीत नव्हतं."

"तुला कशाला माहीत असेल? तुझ्याशी ते दगडांबद्दल बोलतात."

श्रद्धा बाहेर गेली. जाताना तिच्या मनात काय होतं तेही सांगून टाकतो, नाहीतर ती फारच शहाणी वाटेल. तिला तात्यांचाच हेवा वाटत होता. नवऱ्याचा बापाच्या अडतीस वर्षांपूर्वीच्या कागदावर विश्वास होता. बायकोच्या डोळ्यांवर नव्हता. पेटी उघडून बघ, एवढंच तिने म्हटलं होतं. "तात्यांची सही आहे, पेटी कशाला बघू?" असं तो म्हणाला होता. बापाची सही असलेली पेटी उघडायची नाही, ही चूक मुलगाच करू जाणे.

*

सुचित्राला हातात कोलीत मिळालं होतं. ती तडक सुश्रुतकडे गेली. सदाने मडकं भरून, तोंडाला पाला कोंबून जमिनीवर उपडं घातलं होतं, आणि सुश्रुत भोवती गवत-काटक्या रचत होता. ऊन नारळाच्या शेंड्यांवर गेलं होतं.

"तुझी बायको तात्यांच्या चुका उकरतेय," ती कुजबुजली. "तुझा अहवाल पाडायला."

एरवी या बहीणभावाचं कधी जमलं नव्हतं. आज जमलं. श्रद्धाविरुद्ध दोघांना दोन मिनिटांत एकमेकांची भाषा कळली.

"मी सांगितलं होतं तिला, इथे नको म्हणून," सुश्रुत म्हणाला.

"तू सांगणार आणि ती ऐकणार! बायकोपुढे तोंड उघडतोस कधी?"

हे झोंबलं. सुश्रुतने काडी ओढली, गवताला लावली आणि जाळ उठला तसा तोही उठला.

"श्रद्धा! ताईला काय विचारत होतीस?"

झोपाळा थांबला. तात्यांनी चष्मा वर केला.

"हळू बोल," श्रद्धा म्हणाली.

"का? तुला मोठ्याने लिहिता येतं, मला बोलता येत नाही? तात्या, तुमच्या लाडक्या सुनेने टीप लिहिलीय. तुमचा सत्तावीस नंबर खोटा आहे म्हणे! माझ्यावर सूड उगवायला आता तुमच्या कामात खोट काढायला निघालीय."

"सूड कसला रे? ढिगारा तिथे पडला की खाली काय आहे ते पुन्हा कुणाला बघता येणार नाही. डोंगर हलवायला लागेल. मी म्हणतेय, आधी एक बोअर घ्या."

"म्हणजे माझी तीन वर्षं पाण्यात. तुला तेच हवंय. कॉलेजपासून हवंय."

"मला ते हवं असतं तर टीप शुक्रवारीच पाठवली असती. मी इथे कशाला आले? वाटलं, तात्यांना शांतपणे विचारीन. काही कारण असेल तर ते सांगतील. मग तूच अहवाल मागे घे, तूच दुरुस्त कर. तुझ्या हाताने. माझं नाव मध्ये यायलाच नको."

"उपकार झाले!"

"सुश्रुत बरोबर बोलतोय," सुचित्रा मध्ये पडली. "एवढ्या वयाच्या माणसाला बसवून उलटतपासणी घ्यायची? संक्रांतीच्या सणाला? आमच्यात अशी पद्धत नाही."

"पोरी, धर जरा," तात्या म्हणाले.  'पोरी' म्हणजे श्रद्धा, आणि धरायचा होता फोन.  "मोठा कर तो फोटो. अजून. हां."

सदा मडक्यावर पाण्याचा हात मारून कानोसा घेत होता. "चर्र न्हाय झाला अजून," तो स्वतःशीच म्हणाला आणि चौघांची तोंडं बघून जाळामागे सरकला.

"उलटीच आहे," तात्या म्हणाले.

"तात्या, तुम्हाला ह्या वयात त्या फोटोत काय दिसणार?" सुश्रुत म्हणाला.

"मला फोटोत बघायची गरज नाही रे. पेटीवर बाण नाहीत ना? नसणारच. मी नव्हतो तिथे."

"नव्हतात म्हणजे? सही आहे तुमची. तारखा आहेत."

"तारखा मी नंतर घातल्या."

तात्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"तार दुपारी आली. साहेब नागपूरला. मी कुणाला न सांगता निघालो. मशीनवर भागोजी फोरमन होता, त्याला म्हटलं, कांड्या पेटीत भर, मी येतो. त्याने भरल्या बिचाऱ्याने. पेटीच्या कुठल्या अंगाला बसला होता देव जाणे, त्या बाजूने भरल्या. सहाव्या दिवशी परत आलो तर साहेब दारात उभे. बोअर बंद करायचा की पुढे न्यायचा, आत्ता सांगा. मी अर्ध्या तासात पेट्या बघितल्या. तळाला हिरवा दगड. लिहिलं, तालचीर लागला. बंद करा."

"आणि शंका नाही आली?" श्रद्धाने विचारलं. तिने विचारायला नको होतं, पण ती त्या धंद्यातली होती.

"आली की. वाळू उलटी दिसली. पण म्हटलं असतं, पेटी उलटी आहे, तर पहिला प्रश्न काय आला असता? पेटी भरताना तुम्ही कुठे होतात! बिनपरवानगी मशीन सोडलं की नोकरी गेली. मग गप्प बसलो. एकदा गप्प बसलं की पुढे सोपं जातं."

सुचित्राला हे सगळं ऐकू येत होतं आणि ऐकू येतही नव्हतं. ती एकाच शब्दावर अडली होती.

"तार," ती म्हणाली. "आमची तार? अलिबागहून गेलेली?"

"तुझ्या आईची."

"आई म्हणाली, रजा मिळाली नाही."

"मीच सांगितलं होतं तसं सांगायला. तू आठ वर्षांची, शाळेत कुठे बोलून गेली असतीस, वाडीत कुणी वणीला नोकरीला होते. आणि नंतर तिने दोनदा तीनदा म्हटलं, आता सांगा पोरीला. मी नको म्हटलं. सगळ्या पट्ट्यात माझं नाव होतं, ह्या माणसाने कधी बोअर सोडला नाही म्हणून. ते नाव मला फार आवडायचं."

"म्हणजे तुम्ही आला होतात?"

"चार दिवस होतो. तुझ्या कॉटच्या पायाशी स्टूल होतं. तू पाणी मागितलंस, मी चमच्याने दिलं. मला मामा म्हणालीस. आई म्हणाली, अगं तात्या आहेत. तर म्हणालीस, तात्या लांब असतात." तात्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "ताप उतरला त्या पहाटे रेवसची बोट धरली. तू झोपलेली होतीस."

सुचित्रा पायरीवर बसली. अडतीस वर्षं! अडतीस वर्षं तिने हा माणूस न आलेला धरून चालवला होता. त्याच्या गोळ्या दिल्या, त्याची धोतरं धुतली, आणि प्रत्येक धोतराबरोबर मनात म्हटलं, हा आला नव्हता. रडू यायला हवं होतं. पण आधी राग आला, असा की कानशिलं तापली.

"मग हे आत्ता सांगताय? दगडावरून निघालं म्हणून? मी मेल्यावर सांगणार होतात?"

"मी मेल्यावर कळलं असतं कधीतरी, असं वाटायचं."

"वा! छान!" ती म्हणाली आणि मग मात्र तिला रडू आलं. श्रद्धा तिच्याजवळ गेली नाही. तेवढं तिला कळत होतं.

तात्या श्रद्धाकडे वळले. "टीप पाठव. त्यात लिही, नोंद करणारा माणूस त्या दिवशी जागेवर नव्हता. माझं नाव घालून लिही. सही लागली तर मी करतो."

"आणि माझं काय?" सुश्रुत म्हणाला.

आता तो ओरडत नव्हता. हातातली काटकी तो उगाच मोडत होता.

"दिवाळीत मी तुम्हाला फोन केला होता, तात्या. विचारलं, सत्तावीस नंबर पक्का ना? माझा सगळा अहवाल त्यावर उभा आहे. तुम्ही म्हणालात, डोळे झाकून घे."

"हो. म्हणालो."

"का?"

"मुलगा माझा बोअर घेऊन समितीपुढे जाणार, छाती एवढी फुगली होती रे. खरं सांगायला तोंडच उघडेना. म्हटलं, कोण बघतंय आता ती पेटी!"

"मी तुमचा कागद घेतला म्हणून छाती फुगली. म्हणून मला बुडवलंत."

तात्यांनी मान खाली घातली. 

सुश्रुत बहिणीकडे वळला. "आणि तू रडतेस कशाला? तुला काय झालं? सगळा जन्म मला ऐकवलंस, तुला नेलं, मला नाही नेलं. काय नेलं ग मला? तुला वाटतं मला बाप मिळाला. मला क्वार्टरची चावी मिळाली! गळ्यात दोऱ्याने बांधलेली. सहावीत कावीळ झाली तेव्हा शेजारच्या बाई पेज आणून द्यायच्या. हे साइटवर. मी विचारलं, तात्या, आज थांबता का? तर म्हणाले, बोअर सोडून येता येत नाही, आजवर कधी सोडला नाही. मी अकरा वर्षांचा होतो. मला ते खरं वाटलं. अभिमान वाटला, बोल! पुढे जन्मभर मी तसाच राहिलो, स्वतःच्या पोरीच्या बारशालासुद्धा साइटवरून उशिरा गेलो. आणि हे सोडून आले होते. तुझ्यासाठी."

"सुश्रुत," श्रद्धा म्हणाली.

"तू थांब. तुझं बरोबर आहे, झालं? बुधवारी मीच जाईन आणि मागे घेईन. तुझी टीप नको आणि तात्यांची सही नको. सांगेन, मी पेटी बघितली नाही. खरंच नाही बघितली." मग तो पुन्हा सुचित्राकडे वळला.  "चार दिवस तुझ्या उशाशी बसले ना? त्याचा हप्ता मी भरतोय आता."

"उशाशी नाही, पायाशी," सुचित्रा म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. तिला स्वतःलाच कळेना की हे का दुरुस्त केलं. सुश्रुत तिच्याकडे बघत राहिला, आणि ती नजर सुचित्राने ओळखली. ओळखणारच. झोपाळ्याकडे, वणीकडे, माळ्यावरच्या ट्रंकेकडे तिने आयुष्यभर त्याच नजरेने बघितलं होतं. आज पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे तसं बघत होतं.

उठून भावाच्या पाठीवर हात ठेवावा, एवढं तिला समजत होतं. त्याचं सगळं बुडालं होतं, आणि ज्या चार दिवसांपायी बुडालं ते तिच्या पदरात पडले होते. ती उठणारही होती. पण अजून थोडा वेळ त्याला तसंच बघू दे, असं तिला वाटलं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडलं.